स्कीच्या काठीची नवी घडण

स्वीडनमध्ये दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी सेलेन ते मोरा अशी ९० किलोमीटरची स्कीची शर्यत होते. वासालोपेट तिचं नाव. पहिली झाली १९२२ साली. शर्यतीची पद्धत 'क्लासिक'. म्हणजे बर्फात आखलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांत स्की ठेवायच्या आणि एकेका पायानं रेटा देत पुढे घसरायचं. रेटताना पाय मागे सरकू नये म्हणून स्कीच्या मधोमध, पावलाखाली, चिकट मेण लावायचं. कित्येक पिढ्या असंच चाललं. गेल्या दीड दशकात मात्र आघाडीच्या स्पर्धकांनी हे मेण लावणंच सोडून दिलं. ते चढावर पकड देतं, पण सपाटीवर आणि उतारावर घसरण थोडी का होईना रोखतं. म्हणून हे खेळाडू अख्खी शर्यत दोन्ही काठ्या एकदम रोवून, त्यांच्यावर अंग झोकून पार करतात. या तंत्राला 'डबल पोलिंग' म्हणतात. २०२१ मध्ये नॉर्वेच्या तूर आस्ले येर्दालेननं ही शर्यत ३ तास २८ मिनिटं १८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी जवळपास २६ किलोमीटर, आणि तो बहुतांशी काठ्यांच्या जोरावर.

सेकंदाला साधारण एक रेटा धरला आणि उतारावरची विश्रांती वजा केली, तरी साडेतीन तासांत काठी दहा हजार वेळा बर्फात रोवली जाते. दहा हजार वेळा ती उचलून पुढे आणायची, दहा हजार वेळा तिच्यावर भार टाकायचा. हे ध्यानात घेतलं की काठीच्या दोन-चार ग्रॅमसाठी कारखाने का झटतात ते कळतं. मला या विषयाची ओढ आहे ती काठीच्या साधेपणामुळे. एक दांडी, वर मूठ आणि पट्टा, खाली काठी बर्फात बुडू नये म्हणून बास्केट, आणि टोकाला अणी. चार-पाच भागांच्या वस्तूत अजून नवं करण्यासारखं काय उरलं असेल, असं वाटतं. उरलं आहे, पण ते बहुतेकांचं लक्ष जिथे जातं त्या दांडीत फारसं नाही.

आधी थोडा इतिहास. उत्तर युरोपातले शिकारी आणि प्रवासी शतकानुशतकं एकच लांब काठी वापरत. तिनं तोल सांभाळायचा, उतारावर वेग आवरायचा, प्रसंगी तिनंच शिकारही करायची. दोन हातांत दोन काठ्या ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, ती मुख्यतः शर्यतींमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तम काठी म्हणजे बांबूची काठी, आणि त्यातही टोंकिन बांबू, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या भागातला. ज्या देशांत बांबू उगवतच नाही त्या नॉर्वे-फिनलंडचे खेळाडू आशियातल्या बांबूवर शर्यती जिंकत होते. बास्केट म्हणजे वेताचं किंवा बांबूचं मोठं कडं, चामड्याच्या वाद्यांनी काठीला बांधलेलं; कारण तेव्हा बर्फ यंत्रानं दाबलेला नसे आणि छोट्या बास्केटची काठी भुसभुशीत बर्फात हातभर आत गेली असती.

बांबूचा एक गुण आजच्या अभियंत्यानंही मान तुकवावी असा आहे. पोकळ नळी वाकवली की ती मोडण्याआधी चपटी होऊ लागते, आणि एकदा चपटी झाली की तिचा ताठपणा ढासळतो. बांबूला हे होत नाही, कारण ठरावीक अंतरावर त्याच्या पेरांत आडवे पडदे असतात आणि ते नळीला गोल धरून ठेवतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सन व्हॅलीत एड स्कॉट यांनी उतारावरच्या स्कीइंगसाठी अ‍ॅल्युमिनियमची काठी आणली आणि बांबूचे दिवस भरले. वासालोपेटसारख्या, म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्येही अ‍ॅल्युमिनियम आलं. पण १९७० च्या दशकात फिनलंडच्या एक्सेलसारख्या कंपन्यांनी आधी काचतंतूंच्या आणि मग कार्बन तंतूंच्या काठ्या काढल्या आणि शर्यतीतून धातू हळूहळू मागे पडला. कार्बन तंतूंच्या पदार्थाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम साठ टक्के, आणि तंतूंच्या दिशेनं त्याचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त.

ताठपणा इतका महत्त्वाचा का, हे समजायला घरातल्या खराट्याची एक हीर पुरे. हीर उभी धरून वरून तळहातानं दाबा. ती चिरडत नाही, मधोमध बाक घेऊन बाजूला जाते. आता तिचे दोन तुकडे करून एक दाबा. बाक आणायला चौपट जोर लागेल. उभ्या दांडीवर भार वाढवत नेला की एका मर्यादेनंतर ती अचानक वाकते, आणि ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लिओनहार्ड ऑयलरनं अठराव्या शतकात हे गणित मांडलं. स्कीची काठी म्हणजे दीड मीटरची अशीच दांडी. जोरदार डबल पोलिंगमध्ये प्रत्येक काठीवर क्षणभर तीस किलोच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त भार येतो, आणि पूर्ण वेगात असताना काठी बर्फात टेकलेली असते जेमतेम एक पंचमांश सेकंद. एवढ्या वेळात दांडीनं बाक घेतला, तर खेळाडूचा जोर बर्फाऐवजी दांडी वाकवण्यात जातो. वाकलेली काठी सरळ होताना त्यातली काही ऊर्जा परत येते हे खरं, पण ती हव्या त्या क्षणी, हव्या त्या दिशेला येईल याची खात्री नसते.

म्हणजे दांडी ताठ हवी आणि हलकीही. नळीच्या बाबतीत निसर्ग इथे मोठी सवलत देतो. नळीचं वजन तिचा व्यास आणि भिंतीची जाडी यांच्या गुणाकारानं वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनानं वाढतो. व्यास दुप्पट करून भिंत निम्मी केली, तर वजन तेवढंच राहतं आणि ताठपणा चौपट होतो. मग व्यास वाढवतच का नेऊ नये? कारण भिंत पातळ होत होत कागदासारखी होते आणि बाजूनं बसलेल्या एका तडाख्यात फुटते. त्यातून वाटेत बर्फ असतो, वारा असतो, शेजारच्या स्पर्धकाच्या स्कीची धारदार कड असते. आजच्या चांगल्या काठ्या मुठीपाशी साधारण १६ मिलिमीटर जाड असतात आणि खाली निमुळत्या होत जातात. मीटरभर दांडीचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास. अशी काठी हातात घेतल्यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही, इतकं ते कमी वाटतं.

निमुळती दांडी बनवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. राळेत भिजवलेल्या कार्बन तंतूंच्या चादरी ठरलेल्या आकारात कापतात आणि पोलादी निमुळत्या गजावर गुंडाळतात. काही थरांतले तंतू दांडीच्या लांबीच्या दिशेला, काहींतले तिरपे, काहींतले आडवे वळसे घेणारे. वरून चिकटपट्टीसारखी फीत घट्ट आवळून भट्टीत भाजतात, आणि थंड झाल्यावर आतला गज ओढून काढतात. लांबीच्या दिशेचे तंतू ताठपणा देतात; आडवे वळसे नळीला चपटी होण्यापासून वाचवतात. बांबूचे पडदे जे काम करत होते ते आता या वळशांकडे आहे. कोणत्या थराला किती तंतू द्यायचे यातच कारखान्याचं कसब. वजन वाचवायच्या हावेपायी आडवे थर कमी केले, की काठी प्रयोगशाळेत अव्वल ठरते आणि मैदानात पहिल्याच धक्क्याला मोडते.

आकारातही प्रयोग झाले. नॉर्वेची स्विक्स ही कंपनी १९४६ पासून स्कीच्या मेणासाठी प्रसिद्ध. तिनं 'ट्रायॅक' नावाची, गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी छेदाची दांडी आणली आणि ती विश्वचषकाच्या मैदानांवर सर्रास दिसू लागली. त्रिकोणाबद्दल माझं मत थोडं सावध आहे. सारख्या जाडीच्या, सारख्या वजनाच्या दोन नळ्या घेतल्या, एक गोल आणि एक समभुज त्रिकोणी, आणि दोघींचा परीघ सारखा ठेवला, तर गणितानं गोल नळी सुमारे एक तृतीयांशानं जास्त ताठ भरते. नुसत्या आकारानं त्रिकोण जिंकत नाही. त्याचा फायदा घ्यायचा तर मधल्या अक्षापासून सर्वांत दूर असलेल्या कोपऱ्यांत जास्त तंतू भरले पाहिजेत आणि सपाट बाजू पातळ ठेवल्या पाहिजेत. म्हणजे गुण आकाराचा कमी आणि तंतू कुठे घातले याचा जास्त. जाहिरातीत मात्र आकारच दिसतो, कारण तो डोळ्यांना दिसतो.

वाऱ्याला कमी विरोध करणाऱ्या थेंबाच्या आकाराच्या दांड्यांचंही तसंच. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीच्या दोन काठ्यांचा वाऱ्याला होणारा अडथळा खेळाडूच्या देहाच्या मानानं अगदी थोडा. शिवाय काठी सतत कोन बदलते, आणि थेंबाचा आकार एकाच दिशेच्या वाऱ्याला मानवतो.

वाकड्या दांडीची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. उतारावरच्या वेगवान शर्यतीत खेळाडू अंगाला लपेटून बसतील अशा वाकवलेल्या काठ्या वापरतात, मग इथे का नकोत? उत्तर पुन्हा ऑयलरपाशी. त्या खेळाडूंना काठीवर जोर द्यायचा नसतो, फक्त वाऱ्यातून वाचायचं असतं. क्रॉस-कंट्रीत भार दांडीच्या अक्षातून सरळ जायला हवा. अक्षापासून दोन सेंटिमीटर बाजूला भार पडला तरी दांडीला आधीच बाक मिळतो, आणि तो पेलायचा तर दांडी जड करावी लागते. मुठीला थोडा कोन देऊन मनगट सरळ राखणं ही त्यातल्या त्यात पटण्याजोगी सुधारणा आहे.

वजनाबद्दल एक गोष्ट दुकानांत क्वचितच सांगतात. पूर्ण काठी तराजूवर किती भरते यापेक्षा ते वजन कुठे आहे हे महत्त्वाचं. काठी मुठीभोवती झुलते, आणि झुलवायला लागणारा जोर मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गानं वाढतो. खालच्या टोकाला १० ग्रॅम जास्त असणं हे काठीच्या मध्यावर ४० ग्रॅम असण्याइतकं जाचक. मुठीत १० ग्रॅम वाढले तर हाताला ते फारसं कळतही नाही. म्हणून हुशार रचनाकार बास्केटचे दोन ग्रॅम वाचवायला जितकी मेहनत घेतात तितकी मुठीतले दहा वाचवायला घेत नाहीत.

हलकेपणाची किंमत मोडतोडीत मोजावी लागते. अ‍ॅल्युमिनियमची काठी वाकते आणि वाकडी का होईना घरापर्यंत नेते. कार्बनची काठी तडकते आणि संपते. सामूहिक सुरुवातीच्या शर्यतीत, पहिल्या वळणावर, पन्नास जणांच्या शंभर काठ्या एकमेकांच्या स्कीखाली येतात. म्हणूनच नियमांत स्की बदलण्यावर कडक बंधनं असली तरी काठी कोणाकडूनही घेता येते, आणि संघाची माणसं वाटेत जागोजागी जादा काठ्या घेऊन उभी असतात. १४ फेब्रुवारी २००६ रोजी, तुरिन ऑलिंपिकच्या महिलांच्या सांघिक स्प्रिंटमध्ये कॅनडाच्या सेरा रेनरची काठी मोडली. ती एका काठीवर मागे पडू लागली. तेवढ्यात कडेला उभ्या माणसानं आपल्याकडची काठी तिच्या हाती दिली. काठी तिच्या मापापेक्षा लांब होती, पण तिनं तशीच मारत आघाडी गाठली. रेनर आणि बेकी स्कॉट यांना रौप्यपदक मिळालं. काठी देणारा होता ब्यॉर्नार होकेन्स्मोएन, नॉर्वेच्या संघाचा प्रशिक्षक, आणि त्या शर्यतीत नॉर्वे चौथा आला. कॅनडाच्या लोकांनी त्याला कृतज्ञता म्हणून हजारो डबे मेपल सिरप पाठवलं. खेळातल्या सभ्यतेचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती आहेच तशी. रचनाकारानं मात्र तिच्यातून आणखी एक प्रश्न उचलायला हवा: मोडलेली काठी सोडून नवी हातात घट्ट बसवायला किती सेकंद लागतात?

इथून आपण काठीच्या वरच्या टोकाला येतो, आणि माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा इथेच झाली. जुन्या काठीला चामड्याची साधी वादी असे. हात खालून घालून मुठीसकट पकडायची. आजच्या शर्यतीच्या काठीचा पट्टा म्हणजे जवळपास अर्धा हातमोजा. अंगठ्याला वेगळी जागा, तळहाताभोवती रुंद कापड, मनगटावर घट्ट बसणारी पट्टी, आणि डावा-उजवा वेगळा. खेळाडू मूठ आवळून जोर लावत नाही. जोर तळहाताच्या टाचेतून पट्ट्यात आणि पट्ट्यातून दांडीत जातो. डबल पोलिंग जवळून पाहिलं तर हात मांडीच्या मागे गेल्यावर बोटं पूर्ण उघडलेली दिसतात, मूठ हातातून सुटलेली असते आणि काठी केवळ पट्ट्यावर मागे तरंगत असते. बोटं सारखी आवळलेली राहिली असती तर दहा हजार रेट्यांत पुढचा हात भरून आला असता.

पट्ट्यात एक दोष राहतोच. तो सैल असला तर हात खाली येतो आणि काठीला जोर पोचतो यांच्यात क्षणभराची फट राहते. पंचमांश सेकंदाच्या रेट्यात अशी फट परवडत नाही. फार घट्ट असला तर हात मागे नेताना मनगट अवघडतं. पट्टा मुठीतून नेमका कुठून निघतो, वरून की थोडा पुढून, यावरही जोराची दिशा ठरते. आता बऱ्याच कंपन्यांनी पट्टा हातातच राहील आणि एका खटक्यात मुठीपासून सुटेल अशी योजना केली आहे. काठी मोडली, नवी घेतली, खटका बसवला, निघाले. स्की आणि नेमबाजी एकत्र असलेल्या बायाथलॉनमध्ये तर खेळाडूला प्रत्येक नेमबाजीआधी दोन्ही काठ्या बाजूला टाकाव्या लागतात आणि नंतर परत चढवाव्या लागतात. तिथे प्रत्येक सेकंद मोलाचा. खटक्यात बर्फ अडकू नये आणि वजन फार वाढू नये एवढं साधलं, तर हा मार्ग योग्यच आहे. वाढलेले ग्रॅम वरच्या टोकाला आहेत, जिथे ते सर्वांत कमी छळतात.

आता खालचं टोक. काठी फक्त स्वतःच्या अक्षाच्या दिशेनं ढकलू शकते. रोवली तेव्हा ती जवळजवळ उभी असते. समजा जमिनीशी ८५ अंशांचा कोन आहे आणि जोर तीस किलोचा. त्यातला पुढे नेणारा भाग जेमतेम अडीच किलो. बाकी सगळा जोर खेळाडूला वर उचलण्यात जातो. शरीर पुढे सरकतं, काठी पुढे कलते, कोन ६० अंश झाला की तोच तीस किलोचा जोर पंधरा किलो पुढे ढकलतो. ३० अंशांवर तर सव्वीस किलो. म्हणजे कमाईचा भाग रेट्याच्या उत्तरार्धात आहे. पण नेमकी तेव्हाच अणी सुटायची भीती असते, कारण काठी इतकी कललेली असते की टोक बर्फात रुतण्याऐवजी त्यावर खरवडत जातं.

म्हणून आजची अणी दांडीच्या सरळ रेषेत नसते, थोडी पुढे कललेली असते. ती टंगस्टन कार्बाइडची असते, कडक बर्फालाच काय, उन्हाळ्यात चाकांच्या स्कीवर सराव करताना डांबरालाही धरेल अशी. आणि बास्केट गोल राहिलेलं नाही. ते अर्धचंद्रासारखं, दांडीच्या मागच्या बाजूला पसरलेलं असतं, म्हणजे काठी पुढे कलली तरी त्याची पुढची कड बर्फावर टेकून अणी उचलली जात नाही. यंत्रानं दाबलेल्या कठीण मार्गावर हे पिटुकलं बास्केट पुरतं. ताज्या भुसभुशीत बर्फावर ते बुडतं आणि मोठं लागतं. पूर्वी बास्केट गरम गोंदानं चिकटवलेलं असे. बदलायचं तर तापवून गोंद मऊ करायचा, ओढून काढायचं, नवं बसवायचं, दिशा बरोबर आहे ना ते पाहायचं. आता स्विक्स आणि इतर काही कंपन्या पटकन बदलता येणारी बास्केट देतात. शर्यतीच्या सकाळी बर्फ पाहून बास्केट निवडता येतं. ही सुधारणा फोटोत दिसत नाही, पण मला ती त्रिकोणी दांडीपेक्षा मोलाची वाटते.

राहिली लांबी, आणि तिच्यावरून तर नियमांची लढाई झाली. १९८० च्या दशकात स्केटिंगसारखी तिरपी पावलं टाकण्याची पद्धत आली. अमेरिकेच्या बिल कॉकनं १९८२ चा विश्वचषक जिंकताना तिचा उपयोग केला होता, आणि काही वर्षांतच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला 'क्लासिक' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे प्रकार करावे लागले. मुक्त प्रकारात काठ्या हनुवटी-ओठांपर्यंत लांब, क्लासिकमध्ये खांद्याच्या आसपास. पुढे क्लासिकमध्येही लोक डबल पोलिंगवरच भर देऊ लागले तेव्हा त्यांच्या काठ्याही लांबल्या. लांब काठीनं शरीर जास्त ताठ राहतं, फार खाली वाकावं लागत नाही आणि रेटा जास्त वेळ टिकतो. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या प्रयोगशाळांत ट्रेडमिलवर खेळाडूंना पळवून पाहिलं तेव्हा त्याच वेगाला लांब काठीनं ऑक्सिजन थोडा कमी लागतो असं दिसलं. स्वीडनमधल्या हान्स-क्रिस्टर होल्मबर्ग यांच्या संशोधनातून हेही स्पष्ट झालं की डबल पोलिंग हा नुसत्या हातांचा खेळ नाही. खेळाडू आधी चवड्यांवर उंच होतो आणि मग अख्खं अंग काठ्यांवर सोडतो. गुडघे आणि घोटे जखडून ठेवले की वेग घटतो.

अशानं क्लासिकमधली पायाची जुनी चाल नाहीशी होईल अशी धास्ती महासंघाला वाटली. २०१६-१७ च्या हंगामापासून नियम आला: क्लासिक शर्यतीत काठी खेळाडूच्या, बूट घातलेल्या, उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब नको. १८० सेंटिमीटरच्या खेळाडूला म्हणजे साधारण १४९ सेंटिमीटरची काठी. मुक्त प्रकारात मर्यादा पूर्ण उंचीची. त्याच सुमारास मार्गातल्या काही चढांवर डबल पोलिंगला बंदी असलेले पट्टे आखले गेले. मला हा नियम योग्य वाटतो. साधनानं खेळाची एक सुंदर चाल गिळून टाकण्याआधीच त्याला कुंपण घातलं गेलं. दांडीच्या आकाराला आणि साहित्याला मात्र नियम जवळजवळ मोकळीक देतात. डाव्या-उजव्या काठ्या वेगळ्या असल्या तरी चालतं. बंदी आहे ती रेट्याला मदत करणाऱ्या स्प्रिंग आणि तत्सम यांत्रिक युक्त्यांना, आणि शर्यतीत लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्यांना. ही शेवटची बंदी नसती तर चढावर आखूड आणि सपाटीवर लांब अशी काठी केव्हाच आली असती.

नव्या कल्पनांपैकी सर्वांत फलदायी ठरेल अशी एक शर्यतीसाठी नव्हे, सरावासाठी आहे. मुठीत जोर मोजणारा संवेदक बसवायचा. स्वीडनच्या स्किसेन्ससारख्या कंपन्यांनी अशा मुठी बाजारात आणल्या आहेत. प्रत्येक रेट्याला किती जोर लागला, डाव्या-उजव्या हातांत फरक किती, थकल्यावर रेटा कुठे ढिला पडतो, हे आकड्यांत दिसतं. सायकलपटूंना पेडलवरचा जोर मोजण्याची सोय केव्हापासूनच आहे. काठीवाल्यांना ती आत्ता मिळते आहे. अमुक काठी ताठ आहे की नाही, तमुक पट्ट्यात फट राहते की नाही, हे वाद आता मतांवर सोडायची गरज नाही. दिव्यांग खेळाडूंच्या बैठ्या स्कीच्या प्रकारात याचं महत्त्व आणखी मोठं. तिथे पायांचा वाटा नसतो. आखूड काठ्या, हात आणि धड हेच सगळं बळ. त्यांच्यासाठी कोन, लांबी आणि पट्टा यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, उभ्या खेळाडूंचीच काठी कापून देणं पुरेसं नाही.

भारतातही हा खेळ आहे. ताशी लुंडुप २०१० मध्ये व्हँकूव्हरला, नदीम इक्बाल २०१४ मध्ये सोचीला आणि जगदीश सिंग २०१८ मध्ये प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिकच्या १५ किलोमीटर शर्यतीत उतरले होते. आपल्या वाचकांपैकी जे गुलमर्गला जातात, किंवा नॉर्वे-स्वीडन, कॅनडा, मिनेसोटाकडे स्थायिक होऊन या खेळाकडे वळले आहेत, त्यांना काठी घेताना एवढंच सांगेन. पैसे आधी दांडीच्या हलकेपणावर घालू नका. आधी लांबी नीट मोजून घ्या: क्लासिकसाठी बुटांसह उंची गुणिले ०.८३, मुक्त पद्धतीसाठी हनुवटी ते ओठ यांच्या दरम्यान. काठी लांब वाटली तर ती वरच्या टोकाकडून, मूठ काढून कापतात, खालून कधीच नाही. डावा-उजवा पट्टा तपासा आणि हातमोजा घालूनच आवळून पाहा. बास्केट मागे, अणी पुढे हे बघा. दांडीवर स्कीच्या कडेचा ओरखडा दिसला तर बोट फिरवून त्याची खोली अजमावा. तंतू तुटलेले लागले तर ती काठी शर्यतीला नेऊ नका. हे सगळं जमलं आणि खिशात पैसे उरले, तर मग खुशाल सर्वांत हलकी दांडी घ्या.